डोनरचं कारंजं: शिशाच्या मूळ मूर्ती दालनात की चौकात?

शिल्पवाचक: व्हिएन्नाच्या नॉयर मार्क्ट चौकातलं हे कारंजं गेऑर्ग राफाएल डोनरने १७३७ ते १७३९ दरम्यान घडवलं. मधोमध प्रॉव्हिडेन्शिया (दूरदृष्टीचं स्त्रीरूप), कठड्यावर त्राउन, एन्स, इब्स आणि मार्च या नद्यांच्या मूर्ती. १८७३ पासून चौकात ब्राँझच्या प्रतिकृती आहेत. शिसं-कथलाच्या मूळ मूर्ती आता लोअर बेल्वेडेअर संग्रहालयात. त्या परत चौकात न्याव्यात. तरुण त्राउन पाहा, त्रिशूळ घेऊन मासा टिपायला कठड्यावरून खाली वाकलाय. खाली पाणीच नसेल तर त्या वाकण्याला अर्थ काय? आणि शिशाची चर्चची छपरं शतकानुशतकं पावसात टिकलीच आहेत.

ओतारी: छपराचा दाखला इथे लागू पडत नाही. पत्रा फळ्यांवर सगळीकडून टेकलेला असतो, मूर्तीचा हात अधांतरी. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं, म्हणून रोजच्या हवामानातही ते स्वतःच्या वजनाने हळूहळू खचतं. कथलाने थोडं कडक होतं इतकंच. शिशाच्या पोकळ मूर्तींत आधाराला बहुधा लोखंडी सांगाडा असतो. सांध्यातून पाणी शिरलं की लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि मऊ शिसं आतून फाटतं. बाहेर तडा दिसेपर्यंत आतला आधार गेलेला असतो.

रसायनवाला: ओतारींशी सहमत, पण दालन म्हणजे सुरक्षित असं धरून चालू नका. शिशाचा खरा वैरी लाकूड. ओक, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) यांतून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटते आणि बंद कपाटात शिशावर पांढरी भुकटी धरते. पूर्वी व्हिनेगरच्या वाफेवर शिसं ठेवून रंगाचा सफेदा करत, तीच ही क्रिया. भुकटी विषारी असते, कोरड्या ब्रशने झाडू नका. मूर्तीजवळचं प्रत्येक साहित्य आधी तपासावं: नमुना, शिसं-तांबं-चांदीच्या पट्ट्या आणि थोडं पाणी हवाबंद नळीत घालून ६० अंशांवर २८ दिवस. शिशाची पट्टी पांढरी पडली तर ते साहित्य बाद.

शिल्पवाचक: सांगाड्याचा मुद्दा मान्य, चौकाचा हट्ट सोडतो. पण नदीला साध्या चौथऱ्यावर बसवणं मला पटत नाही. दालनात उथळ कुंड तरी करा.

ओतारी: कुंड नको, आर्द्रता वाढेल आणि आत जुनं लोखंड उरलं असेल तर ते पुन्हा गंजेल. उंचीची मागणी मात्र रास्त आहे. चौकातल्या कठड्याची उंची मोजून तेवढाच दगडी कठडा बांधा, त्राउनच्या समोरची बाजू मोकळी ठेवा आणि भार स्टेनलेस स्टीलच्या आधारावर घ्या. तो कुठे रोखून पाहतोय हे मग खाली उभ्या माणसालाही कळेल.