मदत हवी आहे: आयटीआय इलेक्ट्रिशियनने नाशिकला थांबावं की मुंबईला यावं? पगार ताडून कसे बघायचे?

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

भाच्यासाठी विचारतोय. नाशिकचा मुलगा, आयटीआय इलेक्ट्रिशियन, सातपूरला अप्रेंटिसशिप नुकतीच संपली. अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला घेतायत: हातात साडेपंधरा हजार, आठ तासांची पाळी, घर जवळ. दुसरीकडे नवी मुंबईत महापे-रबाळे पट्ट्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये ठेकेदारामार्फत टेक्निशियनची ऑफर आहे. 'चोवीस हजार' हा आकडा ऐकल्यापासून पोरगा हवेत आहे. राहायचं आमच्याकडे, विक्रोळीला. (वन रूम किचनमध्ये पाचवं माणूस. पण मामा झाल्यावर बोलायची सोय नाही.)

मी छापखान्यात हिशेब बघतो, त्यामुळे आधी कागद मागवला. चोवीस हजार हा सीटीसी (म्हणजे माणसामागे मालकाचा एकूण खर्च) निघाला. बेसिक आणि डीए मिळून 15,000, एकूण पगार 20,500, आणि वरचं सगळं म्हणजे मालकाच्या वाट्याचा पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि ग्रॅच्युइटीची (सलग सर्व्हिसवर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद. 20,500 मधून पीएफचे 1,800, ईएसआयचे 154 आणि व्यवसाय कराचे 200 (फेब्रुवारीत 300) वजा केले की हातात 18,346. म्हणजे नाशिकपेक्षा तीन हजारसुद्धा जास्त नाहीत.

त्यात ड्युटी बारा तासांची. महिन्याला 26 दिवस धरले तर इकडे 312 तास, नाशिकला 208. तासाला इकडे 59 रुपयेही पडत नाहीत, तिकडे 74 च्या वर. वरच्या चार तासांचा ओव्हरटाइम वेगळा का, असं विचारलं तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, 'बघू.' शिवाय विक्रोळीहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने रबाळे, पुढे शेअर रिक्षा.

तरीही 'नाशिकलाच थांब' असं सांगायला जीभ रेटत नाही. अंबड-सातपूरला काम देणारे बहुतेक गाड्यांच्या आणि इंजिनिअरिंगच्या धंद्याशी बांधलेले. मंदी आली की सगळ्यांकडे एकदमच येते आणि पोरगा घरी बसतो. इथे ठाण्यापासून बेलापूरपर्यंत टॉवर, हॉस्पिटलं, मॉल, डेटा सेंटरं. एक सुटली तर त्याच हुन्नरावर त्याच लोकलच्या लाइनीवर दुसरी मिळू शकते. याची किंमत पगाराच्या चिठ्ठीवर कुठे दिसत नाही, आणि नेमकी तीच मला कळत नाहीये.

आता प्रश्न. महाराष्ट्रात कुठल्या कामाला कुठल्या जिल्ह्यात काय पगार आहे, हे भरवशाने कुठे बघायचं? जॉब साइटवर '15 ते 40 हजार' असं लिहितात, त्यातून काय कळणार? आणि डेटा सेंटर सोडून लिफ्ट किंवा एसी-चिलरकडे वळला तर पाच वर्षांनी कोण पुढे असतो? बहीण म्हणते बाहेरून बी.कॉम. कर, टॅली शिक. माझ्या मते मुंबईत टॅली येणारी मुलं चिक्कार आहेत, हातात ट्रेड असताना तिकडे जाऊ नये. पण मी चुकत असेन तर सांगा.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद: आकडेमोड

जिल्हा आणि ट्रेड दोन्ही पकडून आकडा शोधत असाल तर सरकारी पाहणीत हाती फार लागणार नाही. पीएलएफएसमध्ये (केंद्राच्या रोजगार पाहणीत) नियमित पगारदार, रोजंदारी आणि स्वयंरोजगार यांची सरासरी कमाई राज्यवार मिळते, पण नमुना पाहणी असल्याने 'नाशिकचा इलेक्ट्रिशियन' इतकं बारीक उतरता येत नाही. त्यात सरासरी म्हटली की वरचे चार मोठे पगार ती ओढून नेतात.

किमान वेतनही बघून ठेवा, विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो. पण बऱ्याच उद्योगांत महापालिकांची हद्द परिमंडळ 1 मध्येच (सर्वांत वरच्या दराच्या पट्ट्यात) येते, त्यामुळे त्या कागदावर मुंबई आणि नाशिक सारखीच! उलट केंद्र सरकार स्वतःच्या कर्मचाऱ्यांना मुंबईत 30 टक्के घरभाडं देतं आणि नाशिकला 20. शहरांतला फरक मोजायला मी हा दुसरा आकडा जवळचा मानतो. तुमच्या भाच्याला घरभाडं नाही हे खरं, पण ते तुम्ही भरताय.

प्रतिसाद: रात्रपाळी

याच धंद्यात आहे. सीटीसीत दाखवलेली ग्रॅच्युइटी मोजूच नका. ठेका बदलला की माणूस तोच राहतो, ठेकेदार नवा येतो आणि सर्व्हिस पुन्हा पहिल्यापासून धरायला बघतो. यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) मात्र जुनाच चालू ठेवायला सांगा आणि पीएफ खरंच भरला जातो का ते पासबुकात दर महिन्याला बघा.

ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. 'बघू' म्हणजे नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची. एचटी (उच्च दाबाचं) पॅनेल, यूपीएस, डीजी (डिझेल जनरेटर), चिलर एकाच छताखाली कारखान्यात क्वचित बघायला मिळतात. पहिली दोन वर्षं शिकायला म्हणून काढायची, जमल्यास सोबत सुपरवायझरचं सर्टिफिकेट काढायचं आणि मग कंपनीच्या रोलवर, म्हणजे थेट कंपनीच्या नोकरीत, जायचं. ठेकेदाराकडेच राहिला तर पाच वर्षांनी जवळपास तिथेच असेल. अवांतर: तुमच्या टॅलीच्या मताला +1.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. घरभाड्याचा मुद्दा बायकोला वाचून दाखवला, ती तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे.

ओव्हरटाइम आणि कंपनीच्या रोलवर घ्यायची पद्धत, दोन्ही ठेकेदाराकडून लेखी मागायला भाच्याला सांगतो. दिलं नाही तर अंबडची नोकरी धरायची आणि वर्षभराने इकडे पुन्हा बघायचं, असं सध्या ठरतंय. लिफ्टच्या कामातलं कोणी इथे असेल तर तेवढं अजून राहिलंय. व्यनि (खाजगी निरोप) केलात तरी चालेल.