अनुभव धागा: गुडघ्याखाली दुखते, पण नेमके कुठे?

पाय दुखावला की भोवतालचे सगळे ‘किती दुखते?’ असे विचारतात. निदानाला त्याहून उपयोगी पडतो तो ‘बोट ठेवून दाखवा’ हा प्रश्न. नडगीचे जाड हाड, त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड, घोटा आणि पावलातली 26 हाडे इतक्या दाटीने बसलेली आहेत की बोटभर अंतरावर दुखापत बदलते, आणि उपचारही. म्हणून आपला अनुभव लिहिताना दुखण्याची जागा आवर्जून सांगावी, ही विनंती.

जिन्यावरून उतरताना

शेवटच्या पायरीवर माझे पाऊल आतल्या बाजूला वळले आणि घोट्याच्या बाहेर सूज आली. चार पावले टाकता येत होती, त्यामुळे हाड शाबूत आहे असे घरच्यांना वाटले. डॉक्टरांनी प्रथम दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत, दाबून पाहिली. तिथे काही जाणवले नाही. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर, साधारण मध्यावर जो उंचवटा हाताला लागतो, तिथे अंगठा ठेवताच मी कळवळले. पोटरीच्या बाहेरच्या अंगाने खाली येणाऱ्या एका स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरीसारखी पट्टी, त्या उंचवट्याला चिकटलेली असते आणि पाऊल आत वळताना ताण पडून हाडाचा तुकडा निघू शकतो, असे त्यांनी समजावले. एक्स-रेमध्ये तेच दिसले. चालता येते एवढ्यावरून हाड मोडलेले नाही असे मानू नये, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

वरील अनुभवाला जोडून

माझेही पाऊल तसेच वळले होते, पण दुखणे घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढे आणि खाली होते. तिथला अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना जोडणारी पट्टी, मुरगळण्यात सर्वांत आधी ताणला जातो. सूज उतरल्यावर फिजिओथेरपिस्टनी एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम दिला. तो पुष्कळ जण टाळतात, आणि घोटा पुन्हा पुन्हा मुरगळण्याचे ते एक मोठे कारण आहे.

बॅडमिंटन खेळताना

मागून कोणीतरी पोटरीवर लाथ मारल्यासारखे वाटले. वळून पाहिले तर मागे कोणीच नव्हते. टाचेच्या थोडे वर, जिथे जाड कंडरा हाताला लागायला हवी, तिथे खळगा होता. पाऊल थोडेफार खाली वाकवता येत असल्यामुळे पहिल्या तपासणीत ‘स्नायू ताणला आहे’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या डॉक्टरांनी मला पालथे झोपवून पोटरी दाबली. निरोगी पायाचे पाऊल लगेच हलले, दुखऱ्या पायाचे हलले नाही; अकिलीस कंडरा तुटली होती. बोटांकडे जाणारे इतर स्नायू पाऊल थोडे वाकवू शकतात, म्हणून ही दुखापत नजरेतून सुटते. पोटरी दाबून पाहण्याची ही चाचणी खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते.

धावणाऱ्यांसाठी

नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेले दुखणे आणि एकाच बिंदूवरचे दुखणे यांत फरक करावा. माझे एका बिंदूवर होते. एक्स-रे निर्दोष आला, पण एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवार ताण पडून हाडाला गेलेली बारीक चीर, दिसले. सुरुवातीच्या आठवड्यांत ते एक्स-रेमध्ये न दिसणे नेहमीचे आहे.

टाच

सकाळची पहिली पावले असह्य, मग हळूहळू सुसह्य. जागा टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला. हा प्लांटर फॅसिआयटिस, म्हणजे तळव्यातल्या जाड पट्टीचे टाचेजवळचे दुखणे, होता. एक्स-रेमध्ये हाडाचा काटा दिसला. तो दुखणे नसलेल्या अनेकांतही आढळतो, त्यामुळे त्याने घाबरून जाऊ नये.

परिचारिका म्हणून

बोट ठेवून जागा दाखवताच येत नाही, अशीही एक वेळ येते. नडगीला जोराचा मार लागल्यावर किंवा प्लास्टर घातल्यावर पोटरी कडक होत जाते, दुखणे दुखापतीच्या मानाने फारच वाढते आणि पायाची बोटे दुसऱ्याने हलकेच ताणली तरी कळ येते. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा अडत असल्याची ही लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे, कारण काही तासांतच स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात.