एक सामना हरला की घरी? सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीत प्रत्येक शाळेला किमान दोन सामने मिळावेत

मिरजकर_बाप

रविवारी रात्री, 30 नोव्हेंबरला, मी आणि मुलगा मोबाईल भिंतीला टेकवून भारत-इराण सामना बघत होतो. 17 वर्षांखालील आशिया चषकाची पात्रता फेरी, अहमदाबादला. इराणने आधी गोल केला. मध्यांतराच्या तोंडावर दल्लालमुओन गांगतेने पेनल्टीवर बरोबरी साधली, नंतर आणखी एक गोल झाला आणि आपण 2-1 जिंकलो. सौदी अरेबियातल्या मुख्य स्पर्धेत भारत पोचला. गटातून फक्त पहिलाच संघ पुढे जाणार होता, म्हणजे हे सोपं नव्हतंच.

ओरडून झाल्यावर पोरगा शांतपणे म्हणाला, "पप्पा, पहिल्या मॅचला पॅलेस्टाईनशी बरोबरीच होती ना? आणि लेबनानकडून 0-2 हरलो. तरी गेलो."

त्याच्या मनात काय चाललंय ते मला लगेच कळलं.

जुलैत त्याची शाळा सुब्रतो चषकाच्या सांगली जिल्हा फेरीत खेळली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही शाळांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, 1960 पासून चालू आहे, बाहेरच्या देशांचे शालेय संघही येतात. आपल्याकडे आधी जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, मग राज्य, आणि शेवटी राज्यातून एक शाळा. जिल्ह्याला बाद पद्धत. हरलात की संपलं.

त्या दिवशी सकाळपासून रिपरिप होती. सामना वीस-वीस मिनिटांचा. काळी माती स्टडमध्ये अशी बसली होती की मध्यांतराला पोरं डब्यातल्या चमच्यांनी ती खरवडत होती. 0-0 झालं, लगेच पाच-पाच पेनल्टी. माझ्या मुलाचा नंबर पाचवा. चार-चार मारून झाल्या तेव्हा समोरचे 3-1 पुढे होते, त्यामुळे पाचवीची वेळ आलीच नाही. मधल्या रेषेवर तो जसा उभा होता तसाच बराच वेळ उभा राहिला. एप्रिलपासून रोज पहाटे साडेपाचला उठून सराव, आणि खेळायला मिळाली चाळीस मिनिटं. बाराच्या आत आम्ही घरी होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जिल्हा फेरीत प्रत्येक शाळेला किमान दोन सामने मिळालेच पाहिजेत. साखळी लावा, म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, गट पाडा, कसंही करा. देशाच्या संघाला एक पराभव भरून काढायची संधी असते, मग शाळेतल्या पोरांना का नको?

क्रीडाशिक्षक_तासगाव

तुमचं वाईट वाटणं समजतं. माझीही पोरं अशीच परत आली आहेत. पण मी या स्पर्धेत शिट्टी घेऊनही उभा असतो, म्हणून विरोधात लिहितो.

हिशेब मांडून बघा. एका वयोगटात सोळा शाळा धरा. बाद पद्धतीत पंधरा सामने होतात. चार-चारचे चार गट पाडले तर नुसते गटांचेच चोवीस, वर उपांत्य दोन आणि अंतिम एक. सत्तावीस झाले. आणि हा एक वयोगट झाला. 15 वर्षांखालील मुलं वेगळी, 17 वर्षांखालील मुली वेगळ्या.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात. प्रवेशिका, जन्मदाखले, ओळखपत्रं यात पंधरा दिवस जातात. त्यानंतर विभाग आणि राज्य उरकायचं असतं, कारण मुख्य स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरला. मधे आपला पाऊस. एकाच मैदानावर दिवसाला सहा सामने झाले की गोलपोस्टपुढे घोटाभर चिखल होतो. तिथे एखाद्या पोराचा गुडघा फिरला तर त्याच्या आईबापाला उत्तर मी द्यायचं असतं. दोन दिवसांत तीन-तीन सामने वाढत्या वयाच्या मुलांना झेपत नाहीत, हेही लक्षात घ्या. बाद पद्धत कुणाला आवडते म्हणून नाही, दिवस तेवढेच आहेत म्हणून आहे.

पेठेतला_फुटबॉल

मी कोल्हापूरचा, हे आधीच सांगतो. मिरजकर भाऊ, राग मानू नका, पण तुम्ही चुकीच्या जागी बोट ठेवताय.

साखळी असली तरी कुणी हाताला धरून पुढे नेत नाही. 2024 च्या ऑक्टोबरात आपला 17 वर्षांखालील संघ थायलंडला पात्रता खेळला. ब्रुनेईवर 13-0, तुर्कमेनिस्तानवर 1-0, आणि थायलंडकडून 2-3. तीनपैकी दोन जिंकूनही बाहेर. 2018 ला मलेशियात 16 वर्षांखालच्या पोरांनी इराणला 0-0 वर रोखलं, उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि दक्षिण कोरियाकडून 0-1 हरले. तो एक सामना जिंकला असता तर 17 वर्षांखालील विश्वचषकात गेलो असतो. पात्रता फेरी अशीच असते. एका दिवशी एक गोल कमी पडतो.

फरक बाकीच्या महिन्यांत पडतो. आमच्या पेठेतलं पोरगं चौथीत असल्यापासून शाहू स्टेडियमवर पीटीएम-दिलबहार या तालीम संघांचा सामना बघायला जातं आणि अंधार पडेपर्यंत गल्लीत खेळतं. 2017 च्या विश्वचषकात भारताकडून उतरलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. त्याला जुलैत शाळेचे किती सामने मिळाले हे कुणी मोजत बसलं नाही. वर्षभर मैदान जिवंत ठेवा, मग पद्धत कुठलीही असू दे.

मिरजकर_बाप

भाऊ, राग कशाला. पण तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेलंत. तुमच्या पोराला वर्षभर सामने मिळतात, म्हणून जुलैतला एक हातचा गेला तरी त्याचं काही अडत नाही. माझ्या पोराला पंच, शिट्टी, जाळी लावलेला गोल आणि समोर अनोळखी संघ, असा खरा सामना वर्षातून तेवढाच. 2017 ला सरकारने शाळाशाळांत फुटबॉल वाटले होते, 'मिशन वन मिलियन' म्हणून. बॉल आले हो. खेळायला सामने कुठे आले?

त्याच वर्षीचा विश्वचषक घ्या. यजमान म्हणून आपल्याला पात्रता खेळावीच लागली नाही. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. तिन्ही हरलो. पण तीन सामने होते म्हणून दुसऱ्यात जिक्सन सिंगचा गोल बघायला मिळाला, भारताचा त्या विश्वचषकातला एकमेव. अमेरिकेनंतर घरी पाठवलं असतं तर तो गोल झालाच नसता.

सर, तुमचा दिवसांचा मुद्दा मला पटतो. त्यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

जत_शिक्षिका

मुलींचा विषय कुणी काढला नाही, म्हणून लिहिते.

आम्ही जतहून पहाटे साडेचारला वडाप ठरवून निघालो. चौदा मुली, मी आणि एकीची आई. मुलींच्या गटात तीनच शाळा हजर होत्या. चिठ्ठ्या टाकल्या, एका शाळेला बाय मिळाली, ती न खेळता अंतिम फेरीत. आम्ही दुसरीशी खेळलो, 0-1 हरलो, साडेदहाला मोकळ्या झालो. पायऱ्यांवर बसून सगळ्यांनी भडंग खाल्लं. परत गाडीत बसताना सगळ्यात लहान मुलीने विचारलं, "बाई, दुसरी मॅच किती वाजता?" तिला वाटलं होतं की ही जेवणाची सुट्टी आहे. मी तिला काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण कवठेमहांकाळ येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

तीन संघ असताना बाद पद्धतीने दोन सामने होतात, साखळीने तीन. एका सामन्याचा फरक. ऑक्टोबरात बिश्केकला 17 वर्षांखालील मुलींची आशियाई पात्रता झाली, तिथे भारताच्या गटातही तीनच संघ होते: आपण, किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान. तिथे साखळीच होती. आपल्या मुली दोन्ही सामने 2-1 ने जिंकून आल्या. सर, तीन शाळांची साखळी लावायला पाऊस कुठे आड येतो?

क्रीडाशिक्षक_तासगाव

बाई, नाही येत. तुमचं बरोबर आहे. चार किंवा त्याहून कमी संघ असतील तर साखळीच लावायला हवी. पुढच्या जूनच्या नियोजन बैठकीत मी हे स्वतः मांडेन.

मुलांच्या सोळा शाळांबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

कराडचा_गोली

मी साताऱ्याकडून शालेय खेळलोय, आता लहान मुलांना गोलकीपिंग शिकवतो. माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. आधी वय तपासा, मग सामने वाढवा.

फिफा 2009 पासून 17 वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचं एमआरआय करते, हाडांवरून वय बघायला. जिल्ह्याला आपण बघतो जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाईड. मी पंधरा वर्षांचा असताना समोरच्या स्ट्रायकरला व्यवस्थित दाढी होती. त्याचा एक शॉट माझ्या तळहाताला लागला आणि आठवडाभर मला पेन धरता आलं नाही. अशा संघासमोर तीन सामने दिले म्हणजे लहान पोरांना तीनदा मार. आणि जास्त सामने म्हणजे ज्यांची तयारी जास्त त्यांचाच फायदा. आमच्या जिल्ह्यात पाचगणीच्या निवासी शाळांची पोरं मैदानाशेजारी राहतात, माण-खटावची एसटी बदलून येतात. एखाद्या दिवशी लहान शाळा मोठीला हरवते ती बाद पद्धतीतच. साखळीत तेवढीही शक्यता उरत नाही.

मिरजकर_बाप

दादा, वयाचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. त्यावर वेगळा धागा काढा, पहिली सही माझी. पण दाखले खोटे असतात म्हणून खऱ्या वयाच्या पोराला एकच सामना, हे मला पटत नाही. त्याची शिक्षा त्यालाच कशाला?

लहान शाळेने मोठीला हरवण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र मी विचारात घेतलं नव्हतं. खरं आहे ते.

विट्याचा_पैलवान

फुटबॉल मला फारसा कळत नाही, मी तालमीतला माणूस. पण हे भांडण आमच्याकडे कधीच मिटलंय, म्हणून लिहितो.

कुस्तीत रेपेचाज असतं. ज्याच्याकडून तुम्ही हरला तो पुढे अंतिम फेरीत गेला, तर तुम्हाला परत मॅटवर उतरता येतं. सुशीलकुमार 2008 ला बीजिंगला पहिलीच कुस्ती हरला होता. या वाटेने परत आला आणि कांस्य घेऊन गेला. 2016 ला रिओत साक्षी मलिकचं कांस्यही असंच. पहिल्याच फेरीत तगडा गडी समोर आला, तर तो चिठ्ठीचा दोष. पैलवानाचा नाही.

तुम्ही असं करा. सोळा शाळांत पहिल्या फेरीला आठ हरणार. त्या आठांच्या चार जोड्या लावून एकेक सामना खेळवा. चार सामने वाढले. पंधराचे एकोणीस. सरांचे सत्तावीस करायची गरज नाही, आणि एकही शाळा एका सामन्यावर घरी जात नाही. लहान शाळेने मोठीला पाडायची संधीही तशीच राहते.

पेठेतला_फुटबॉल

पैलवान, रेपेचाजमध्ये शेवटी पदक असतं. या चार सामन्यांत काय आहे? विभागाला जाणार एकच शाळा. हरलेली पोरं ओल्या कपड्यांत दोन तास थांबून असा सामना खेळतील, ज्यातून पुढे काहीच नाही? निम्म्या शाळा निघून जातील आणि पंच मैदानात उभे राहतील. मी असे तिसऱ्या क्रमांकाचे सामने पाहिलेत, कुणाचाच जीव लागत नाही त्यात.

जत_शिक्षिका

आम्ही थांबू. कोल्हापूरच्या पोरांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत खेळायला मिळतं, म्हणून त्यांचा जीव लागत नसेल. माझ्या मुलींना तो सामना कशासाठी आहे हे सांगावं लागणार नाही.

पेठेतला_फुटबॉल

बाई, तुमच्या मुलींबद्दल मी काही बोलणार नाही. तेवढं मागे घेतो. मुलांच्या शाळांबद्दल मला अजून शंका आहे.

क्रीडाशिक्षक_तासगाव

एकोणीस सामन्यांवर काल रात्री कागद घेऊन बसलो. दुसरं मैदान मिळालं तर दोन दिवसांत बसतात. हरलेल्या शाळांचे सामने त्याच दिवशी दुपारी लावायचे, म्हणजे लांबच्यांना दुसरी खेप नाही. दोन सामन्यांत निदान तीन तासांचं अंतर हवं, त्याखाली मी पोरांना उतरवणार नाही.

अडचणी दोन. वाढलेल्या सामन्यांना पंच कुठून आणायचे, आणि त्यांचं मानधन. दुसरं, पावसाने अर्धा दिवस गेला तर पहिल्यांदा हेच चार सामने कापले जातील. नंतर मला दोष देऊ नका, म्हणून आत्ताच सांगतो.

मिरजकर_बाप

पावसाने गेले तर गेले, सर. वेळापत्रकात छापलेले असू देत. पोरं डबा बांधतानाच दोन सामन्यांच्या तयारीने येतील.

चार सामन्यांच्या पंचांचं मानधन आम्ही मिरजेतले पालक गोळा करतो, तिघांशी बोलणं झालंय. लाइनवर झेंडा धरायला मी स्वतः येतो. ऑफसाइड नीट शिकायला माझ्याकडे जूनपर्यंत वेळ आहे, मुलगा शिकवतो म्हणालाय.

कराडचा_गोली

साताऱ्यात हे होईल असं मला वाटत नाही. पण सांगलीत झालं तर त्या दिवशी मी बघायला येतो. आणि दाखले तपासायला एक माणूस जास्त बसवा, एवढं माझं ऐका.

जत_शिक्षिका

सर, एक विचारायचं होतं. मैदानाजवळच्या एखाद्या शाळेची एक खोली रात्रीपुरती मिळेल का? आम्ही आदल्या संध्याकाळी निघू, म्हणजे मुली झोपून उठून खेळतील. सतरंज्या आमच्या आम्ही आणू. पाणी आणि दिवा असला की झालं.