निकालाला ठेवलेल्या केसमध्ये लेखी युक्तिवाद, मदत हवी आहे

तालुका कोर्टात वाटपाचा दावा, आम्ही वादी. तोंडी युक्तिवाद दोन्हीकडून झाला, केस निकालाला ठेवली आणि मग प्रतिवादीने लेखी युक्तिवाद टाकला, आम्हाला कॉपीच नाही, फाईल बघितली तेव्हा कळलं, वर तोंडी कधी न सांगितलेले हायकोर्टाचे निवाडे जोडलेत. सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) ऑर्डर 18 रूल 2 मध्ये तर तोंडी युक्तिवाद संपायच्या आत द्यायचा आणि कॉपी त्याच वेळी समोरच्याला, असं स्पष्ट आहे ना. नकलेचा अर्ज टाकलाय. वकील म्हणतात अपिलात बघू, मला ते काही पटत नाहीये. निकाल अजून लागलेला नाही. मग त्यांचा लेखी युक्तिवाद रेकॉर्डवरून काढा असा अर्ज द्यायचा, की परवानगी मागून आपलं लेखी उत्तर जोडायचं, प्रत्यक्षात कोर्ट काय मान्य करतं?