डोंबिवली ते बीकेसी, पाचही दिवस. कसं जमवताय?

डोंबिवलीकर:
मार्च २०२० पासून घरून काम, मग हायब्रिड, आणि आता मेल आलाय की पाचही दिवस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिसला या. सकाळच्या फास्ट लोकलला चढणं म्हणजे काय ते इथे सांगायला नको, वर कुर्ल्याला शेअर रिक्षाची लाइन. कुणी वेगळा रूट घेतं का?

फलाट_पाच:
घाटकोपरला उतर, मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ ने बीकेसी. वळसा पडतो, पैसे पण जास्त, पण एसी आहे आणि घाम पुसत मीटिंगला बसावं लागत नाही. घाटकोपरच्या ब्रिजवरची गर्दी मात्र आहेच.

लेडीज_डबा:
रूटपेक्षा वेळ बदलून माग. मी सात ते चार करून घेतलं, पाळणाघराचंही जमतं.

ठाणेकर काका:
आम्ही वर्षानुवर्षं केलं की हो. आणि टीसीएसने २०२३ लाच बोलावलं होतं सगळ्यांना, तुमचे उशिरा जागे झाले.

डोंबिवलीकर:
काका, तुमची टीम एका मजल्यावर असायची, माझी अर्धी पुण्यात नि अर्धी बंगलोरला. बीकेसीत जाऊन हेडफोन लावून कॉलच करायचे 😅 ताई, सात-चारचं विचारतो उद्याच.