दोन आठवड्यांच्या मिशनसाठी कॉलेजातल्या मुलांनी नेमकी कशाची तयारी करावी?

निळीशाई

मोठी सुट्टी जवळ आली की कॉलेजातली ख्रिस्ती मुलं-मुली अल्पकालीन मिशनवर, म्हणजे प्रचार आणि सेवेच्या छोट्या दौऱ्यावर, निघतात. दहा दिवस, दोन आठवडे, फार तर अख्खी सुट्टी. परका देश, परकी भाषा, कधी न पाहिलेली मंडळी. अशा मुलांची तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून मत मांडतोय. पटलं नाही तर झोडा.

तयारीचा बराचसा वेळ आपण भलत्याच गोष्टींवर घालवतो. बैठकांमध्ये काय चालतं? देणगीची पत्रं, टी-शर्टचा रंग, दोन गाणी, एक मूकनाट्य आणि प्रत्येकाची तीन मिनिटांची साक्ष, म्हणजे आपण विश्वास का ठेवतो ते, घोटून पाठ. सगळं 'आपण काय देणार' याभोवती. ज्यांच्याकडे जायचं त्यांनी काय मागितलंय, हा विषय निघतच नाही. मी काढला तर उत्तर येतं, "तिथे गेल्यावर कळेलच की."

माझ्या मते आधी यजमान पाळकांचं, म्हणजे तिथल्या चर्चच्या पास्टरांचं, पत्र यावं: या, अमुक काम आहे, इतके जण पुरेत, अमुक करू नका. ते हातात पडेपर्यंत तिकीट काढू नये. मग त्या देशाचा इतिहास, आणि तिथल्या मंडळीचाही, म्हणजे चर्चचाही. आपल्या आधी तिथे प्रभूचं नाव कोणी ऐकलंच नव्हतं अशा थाटात मुलं उतरतात, आणि तिथली मंडळी आपल्यापेक्षा जुनी निघते! शिवाय व्हिसा. पर्यटक म्हणून शिरायचं आणि प्रचार करायचा, हे अनेक देशांत बेकायदा आहे. पकडले गेलात तर तुम्हाला परतीच्या विमानात बसवतील. चौकशीचा ससेमिरा यजमानांच्या मागे लागेल.

बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना जोडीजोडीने पाठवतो. थैली घेऊ नका, ज्या घरी उतराल तिथेच राहा, पुढे ठेवतील ते खा, असं सांगतो. ही पाहुणा होण्याची तयारी झाली. आपली मुलं यजमान होऊन जातात.

पायवाट

निळीशाई, तोच अध्याय मला नेमकं उलटं सांगतो. थैली नाही, झोळी नाही, वहाणा नाहीत, यजमानांचं पत्र तर नाहीच. निघा म्हटलं, निघाले. आणि आनंदाने परत आले, असं त्याच अध्यायात लिहिलंय. अल्पकालीन मिशनच होतं ते.

1957 सालच्या सुट्टीत जॉर्ज व्हर्वर आणि त्याचे दोन कॉलेजमित्र एका ट्रकमध्ये स्पॅनिश पुस्तिका भरून मेक्सिकोला गेले. व्हर्वर विशीतही नव्हता. त्यातून पुढे ऑपरेशन मोबिलायझेशन ही मिशनरी संस्था उभी राहिली. तुमच्या बैठकीत ही तिघं आली असती तर तुम्ही त्यांना इतिहासाचं पुस्तक देऊन घरी पाठवलं असतं.

एवढ्या चाळण्या लावल्या तर वीस वर्षांचं पोर जाणारच नाही, आणि तिशीत नोकरी, कर्ज, संसार त्याला सोडणार नाहीत. मूकनाट्याची टवाळी सोपी आहे हो. पण चारचौघांत तोंड न उघडणारा मुलगा त्यात पहिल्यांदा उभा राहतो. आपण विश्वास का ठेवतो हे तीन मिनिटांत सांगायची वेळ बहुतेकांवर त्याआधी कधी आलेलीच नसते. ही तयारी वाया गेली म्हणायची?

हिशेबनीस

मुलांचं भलं होतं, मान्य. ते कोणाच्या पैशाने?

1998 साली मिच चक्रीवादळाने होंडुरासची दाणादाण उडवली. नंतर उत्तर अमेरिकेतून पथकं घरं बांधायला गेली. कर्ट व्हर बीक हा समाजशास्त्राचा प्राध्यापक होंडुरासमध्येच राहून काम करणारा. त्याने पथकांनी बांधलेली घरं आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी बांधलेली घरं यांची तुलना केली. पथकाचा विमानप्रवास धरून खर्च सुमारे 30,000 डॉलर. स्थानिक संस्थेचं घर सुमारे 2,000 डॉलरला. आणि घर कोणी बांधलं यामुळे त्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात म्हणावा असा फरक दिसला नाही.

'जाऊन आल्यावर मुलं आयुष्यभर दान देतात' हे उत्तर येणार, म्हणून आधीच सांगतो. त्याने तेही पाहिलं. आम्ही जास्त देऊ लागलो असं म्हणणारे पुष्कळ, देणगीच्या नोंदी मात्र तसं बोलत नव्हत्या. तेव्हा पैसे पाठवा आणि मुलांना घरी बसवा. तयारीचा प्रश्नच मिटला.

पायवाट

आणि घरी बसलेल्या मुलासाठी तो 30,000 डॉलरचा चेक कोण फाडणार होतं? लोक माणसाला पाहून देतात. मुलगा गेला नाही तर दोन हजारही जमत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

हिशेबनीस

ठाऊक आहे. तेच तर दुखणं आहे.

जुनीपाने

जरा अवांतर, पण विषयाला धरून. विद्यार्थी आणि मिशन हे नातं जुनं आहे. 1806 मध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थनेला बसले. त्यातून चळवळ उभी राहिली आणि 1810 मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड स्थापन झालं. त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले. 1886 मध्ये अमेरिकेतल्याच माउंट हर्मनच्या उन्हाळी शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनरी होण्याची तयारी दाखवली. तिथे मुलांना चेतवणारा रॉबर्ट वाइल्डर जन्माने कोल्हापूरचा, मिशनऱ्याचा मुलगा.

फरक एवढाच की ही मुलं जन्मभरासाठी निघायच्या हिशेबाने तयार होत होती. परतीचं तिकीट खिशात असलेल्या माणसाची तयारी वेगळी असणार, हे धरूनच बोलायला हवं. दोन आठवड्यांत भाषा येणार नाही, विश्वासही कमावता येणार नाही. बायबलमधला प्रेषित पौलसुद्धा करिंथ शहरात दीड वर्ष राहिला.

पायवाट

आणि थेस्सलनीकात? बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत तीन शब्बाथांचा, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या तीन दिवसांचा, उल्लेख आहे. मंडळी तिथेही उभी राहिली.

जुनीपाने

राहिली. पण पौलाला तिथली भाषा येत होती, हे विसरू नका.

तिरकस

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे मधेच तोंड घालतोय. तुम्ही सगळे 'कसं जावं' यावर भांडताय. ज्याच्या दारात जाता त्याने बोलावलंय का, हे पहिल्या पोस्टनंतर कोणी काढलंच नाही.

2018 मध्ये जॉन अ‍ॅलन चाऊ हा सव्वीस वर्षांचा अमेरिकन तरुण अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटावर प्रचाराला गेला आणि तिथेच मारला गेला. तो अडाण्यासारखा गेला नव्हता. भाषाशास्त्राचं प्रशिक्षण घेतलं होतं, प्रथमोपचार शिकला होता, आपल्याकडून रोग जाऊ नयेत म्हणून आधी एकांतातही राहिला होता. बेटाजवळ जायलाच कायद्याने बंदी होती, तरी कोळ्यांना पैसे देऊन गेला. तयारी भरपूर होती, फक्त परवानगी नव्हती, ना सरकारची ना तिथल्या लोकांची. तेव्हा तयारी वाढवली की सगळं ठीक, असं निदान मला तरी वाटत नाही.

निळीशाई

तिरकस, म्हणूनच मी पत्राला पहिला नंबर दिला. चाऊचं उदाहरण टोकाचं आहे, पण त्याची सौम्य आवृत्ती मी दरवर्षी बघतो. अनाथालय हे सगळ्यांत आवडतं ठिकाण. मुलं गळ्यात पडतात, फोटो निघतात, देणगीदार खूश. जगभरच्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. काही ठिकाणी पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलांना घरातून उचलून संस्थेत भरलं जातं. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराला मानवी तस्करी म्हणून मान्यता दिली. दोन आठवडे माया लावून निघून जाणारी माणसं त्या मुलांना वर्षभर भेटत राहतात. तिथे जायला नकार देणं, मग भले पथक नाराज होवो, हासुद्धा तयारीचा भाग आहे. तो मूकनाट्यापेक्षा अवघड आहे.

पायवाट

अनाथालयाबद्दल पूर्ण सहमत. उगाच वाद घालत नाही.

पांढराकोट

नर्स आहे, तेवढ्यापुरतंच लिहिते. पीतज्वराची लस लागणाऱ्या देशात जायचं असेल तर ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तोवर प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडचं डॉक्टरांना आधीच विचारा. मलेरियाच्या गोळ्या परत आल्यावरही घ्यायच्या असतात, काही एक आठवडा, काही चार. घरी पोचलं की मुलं त्या हमखास सोडतात. नंतर कधी ताप आला तर कुठे जाऊन आलो हे डॉक्टरांना सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका.

आणि कृपा करून 'वैद्यकीय शिबिरा'त कॉलेजच्या मुलांच्या हाती औषधं देऊ नका. पहिल्या वर्षाच्या मुलाला जे आपल्या देशात करू देणार नाहीत ते तिथेही करू द्यायचं नाही. गरीब माणसाचं शरीर सराव करायला नसतं. यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

उंबरठा

इतका वेळ वाचत होते. आमच्या मंडळीत अशी पथकं येतात. दुभाषाचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं थोडं सांगते.

ज्या साक्षेवरून इथे भांडण चाललंय ती ऐकणाऱ्यांपर्यंत माझ्या तोंडून पोचते. तीन मिनिटांची साक्ष भाषांतरात सहा होते. मुलाने ती सुरात पाठ केलेली असते, थांबायची सवय नसते, त्यामुळे तो चार वाक्यं सलग म्हणतो आणि मग माझ्याकडे बघतो. तोवर पहिलं वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं असतं. विनोद तर वाटेतच मरतो, मग मी हळूच सांगते, "पाहुण्यांनी गंमत केली आहे, हसा." लोक बिचारे हसतात, आणि मुलाला वाटतं, छान झालं.

साधी गोष्ट शिकवून पाठवा: एक वाक्य, पूर्ण, छोटं. मग गप्प. बघायचं माझ्याकडे नाही, समोरच्यांकडे. अर्ध्या तासाचा सराव पुरतो, पण आजवर कोणी करून आलेलं पाहिलं नाही.

दुसरं म्हणजे रंगकाम. सभागृहाची एक भिंत आहे, ती बऱ्याच पथकांनी रंगवली. गरज नसते, पण मुलांना हाताने काम केल्याचं समाधान हवं असतं आणि नाही म्हणायला आमच्या पाळकांना संकोच वाटतो. निळीशाई, तुमचं पत्र आलं तरी आमच्याकडून खरं उत्तर येईलच असं धरून चालू नका. जिथून मदत येते तिथे 'तुमची गरज नाही' असं कोण लिहितं?

आणि हिशेबनीस, येऊच नका असं मी म्हणणार नाही. एक पथक आलं होतं, त्यांनी काही उभारलं नाही. सकाळी आमच्या बायकांबरोबर आजाऱ्यांच्या घरी जायचे, बसायचे, संध्याकाळी भांडी घासायचे. त्यांतल्या दोघी अजून फोन करतात, माझ्या आईची चौकशी करतात. याचा हिशेब तुमच्या डॉलरमध्ये कसा मांडणार, ते सांगा.

हिशेबनीस

नाही मांडता येणार. पण मंडळीपुढे खर्च ठेवताना हे खरं कारण लिहा की, 'आमची मुलं शिकायला आणि ओळख करून घ्यायला चालली आहेत.' घरं बांधायला जातो असं सांगून पैसे मागू नका, एवढंच म्हणणं आहे.

दुसरंवर्ष

नमस्कार. ज्यांच्याबद्दल चाललंय त्यातली मी एक. दुसऱ्या वर्षाला आहे, या सुट्टीत चालले आहे. सगळे मोठे 'मुलांना' काय करायला लावावं ते ठरवताय, म्हणून लिहिते.

देणगीच्या पत्राचा नमुना आम्हाला दिला गेला. 'मी तिथल्या लोकांची आयुष्यं बदलायला जात आहे' असं त्यात छापलेलंच आहे, खाली फक्त नाव घालायचं. मला ते लिहवत नाही. मी कोणाचं काय बदलणार? खरं कारण असं की हे काम जन्मभर करावं का, हे मला एकदा जवळून बघायचंय. हे स्वार्थी वाटतं म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. आणि जुनीपाने, परतीचं तिकीट खिशात असलं म्हणजे मनात जन्मभराचा विचार नसतोच असं नाही.

पायवाटकाका, साक्षेबद्दल तुमचं बरोबर आहे, ती लिहिताना मी पहिल्यांदाच नीट विचार केला. पण तीन मिनिटांत बसवायची म्हणून त्यातली शंका काढून टाकायला सांगितली. ती काढल्यावर उरलं ते माझं वाटत नाही.

उंबरठा

ताई, शंका ठेव. आमच्याकडेही लोकांना शंका आहेत. पाहुण्यांना एकही नाही हे ऐकून आमची मुलं स्वतःला कमी समजतात. पत्रातही तुझं खरं कारण लिही.

पायवाट

खरं कारण लिहिलंस तर देणगी कदाचित कमी जमेल, तेवढी मनाची तयारी ठेव. आणि कमी पडली तर मला निरोप कर.

निळीशाई

दुसरंवर्ष, तुमच्या यजमानांचं पत्र आलंय का?

दुसरंवर्ष

आमच्या प्रमुखांना विचारलं. त्यांचं बोलणं फोनवर झालंय म्हणे. लेखी मागू का? उद्धट वाटेल.

निळीशाई

मागा. आणि पत्रात 'आम्ही काय करू' असं विचारू नका, उंबरठा म्हणतात तसं गुळमुळीत उत्तर येईल. 'मागच्या पथकाने केलेलं कोणतं काम यंदा नको' असं विचारा.

उंबरठा

हे विचारलंत तर आमचे पाळकसुद्धा खरं सांगतील. भिंत पहिली.

दुसरंवर्ष

विचारते. मूकनाट्य आणू का पण? बसवून झालंय, मी त्यात झाड आहे.

उंबरठा

नको.

पायवाट

आण गं. झाडाला भाषांतर लागत नाही.