मदत हवी आहे: भिजलेलं वासरू आत आणायचं की आईजवळच राहू द्यायचं?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आम्ही नेब्रास्कात सँडहिल्समध्ये असतो, नवऱ्याच्या घरचा रँच आहे, गायी सगळ्या ब्लॅक अँगस म्हणजे मांसासाठीच्या, दुधाच्या नाहीत. मार्च-एप्रिल हा गायी विण्याचा सीझन आणि सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यामुळे यंदा रात्रीच्या फेऱ्या माझ्याकडे आल्यात. माहेरी संगमनेरला आमच्या गोठ्यात चार गायी होत्या, गाय विताना लहानपणापासून बघितलीये, पण तिथे गाय छपराखाली दाव्याला आणि इथे उघड्या माळावर दीडशे.

इथला स्प्रिंग म्हणजे कशाचाच भरवसा नाही. मागच्या मंगळवारी दुपारी ६५ फॅरनहाइट, म्हणजे १८ सेल्सिअस, मी स्वेटर काढून तारा ओढत होते. संध्याकाळी पाऊस, रात्री त्याचाच बर्फ आणि वारा असा की गाडीचं दार उघडेना. कोरडी थंडी असली तर वासरं शून्याखालीही तग धरतात हो, पण ४० फॅरनहाइटचा पाऊस आणि वर वारा हे त्याहून वाईट, कारण अंगावरचे केस भिजले की ऊब राहतच नाही.

त्या रात्री दोन कालवडी व्याल्या, दोघी पहिलारू. एकीचं वासरू कुंपणापाशी पडलेलं, ताप मोजला तर ९५, नॉर्मल १०१ च्या वर असतो. उचलून घरात आणलं, टबात कोमट पाण्यात धरलं, खसाखसा पुसून कोरडं केलं, चीक नळीने पाजला, पहाटे उभं राहिलं. पण सकाळी आईकडे नेलं तर ती हुंगून लाथा मारायला लागली. आमची आजी वासराच्या अंगावर कोंडा-मीठ टाकायची, गाय आपोआप चाटायला लागायची, तेही केलं, चाटते पण सडाला लागू देत नाही. आज चौथा दिवस, बाटलीवरच आहे.

दुसरीचं वासरू उभं राहायला धडपडत होतं, आई चाटत होती, म्हणून मी ठरवलं की यांना तोडायला नको. सकाळी मेलेलं सापडलं. आई अजून त्याच जागी जाऊन हंबरते आणि मला ते ऐकवत नाही.

बाकीचं आम्ही करतो. हवामान बघून कळप आधीच वाऱ्याच्या आडोशाला आणतो, खाली पेंढा टाकतो, वैरण संध्याकाळी घालतो म्हणजे जास्त गायी दिवसा वितात (हे खरंच होतं, मला आधी पटत नव्हतं). ज्या अजून व्यायच्यात त्यांना आठवड्याने नव्या कुरणात हलवतो आणि व्यालेल्या वासरांसकट मागेच ठेवतो, ही इथल्याच युनिव्हर्सिटीची पद्धत, त्याने हगवण बरीच कमी झालीये. २०१९ च्या मार्चमधलं वादळ आणि पूर इथे कुणी विसरलेलं नाही, नायोब्रारावरचं स्पेन्सर धरण त्यातच फुटलं, त्यामुळे सासरे फोरकास्ट दिवसातून दहादा बघायला लावतात.

माझा प्रश्न मधल्या वासरांचा आहे. सासऱ्यांचा नियम साधा, वासराच्या तोंडात बोट घालायचं, जीभ गार लागली की उचलायचं. पण जीभ धड गार नाही धड गरम नाही, वासरू ओलं, आई चाटतेय, अशा वेळी काय करता? चीक पहिल्या सहा तासांत पोटात गेला पाहिजे, चोवीस तासांनंतर त्याचा रोगप्रतिकाराला उपयोग उरत नाही, मग जागेवरच नळीने पाजून आईजवळ ठेवलं तर चालेल का? की दोघांनाही शेडमध्ये आणायचं? शेडमध्ये जागा फक्त सहा जोड्यांना आहे. आणि ज्या पहिलारू गायीने चार दिवस वासरू नाकारलंय ती अजून लावून घेईल का, की पाय बांधून पाजायला लागू?

इथे कुणी जनावरांचे डॉक्टर असतील किंवा कॅन्सस, कोलोरॅडोकडे गायी सांभाळणारे असतील तर प्लीज लिहा, दोन ओळी लिहिल्या तरी चालतील. आज रात्री परत आधी पाऊस, मग बर्फ सांगितलाय आणि तीन कालवडींच्या कासा दुपारपासून भरल्यात.